उरलेले तेरा सेकंद

अर्धे शहर मोटार चालवायला मास्तरांकडे शिकले होते, आणि उरलेल्या अर्ध्यानेही तिथेच शिकायला हवे होते, असे मास्तरांचे स्वतःचे मत होते. बावीस वर्षे शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून काढल्यामुळे त्यांच्या उजव्या पायाला एक खोड जडली होती. समोर काही आडवे आले की तो पाय आपोआप खाली दाबला जाई, मग खाली ब्रेक असो वा नसो. सोफ्यावर बसून बातम्या पाहताना, दवाखान्याच्या रांगेत, इतकेच काय, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याकडे नुसते पाहतानाही तो दाबला जाई. स्वतः गाडी हाकताना मात्र हाच पाय शहाण्यासारखा वागे. आणि वर्षातले सात रविवार मास्तर स्वतः गाडी हाकत, तीही साधीसुधी नव्हे, शर्यतीची.

ते अजिंक्यपद सात शर्यतींचे होते. प्रत्येक शर्यत दोन तासांची. एका गाडीला दोन चालक, आणि मध्यावर केव्हातरी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात त्या गल्लीत, एकाने उतरायचे आणि दुसऱ्याने बसायचे. मास्तरांची गाडी पिवळी होती, दोन दारांची, आणि इतकी बसकी की आत शिरताना चाळिशी उलटलेल्या माणसाला आपल्या एकेका मणक्याची ओळख पटावी. गाडीच्या मालकीणबाई पेशाने दंतवैद्य होत्या. सहा दिवस लोकांच्या तोंडात डोकावल्यावर सातव्या दिवशी लांबवर पाहावेसे वाटते, एवढेच कारण त्या या नादाचे देत. गाडीची दुरुस्ती, चाके, इंधन आणि माणसे सांभाळण्याचे काम काकांकडे होते. काका कुणाचेच काका नव्हते. पण तीस वर्षे हातात पाना धरून वावरलेल्या माणसाला दुसरे काय म्हणावे हे कुणाला सुचले नव्हते.

त्या वर्षी मास्तरांचा जुना जोडीदार निवृत्त झाला, आणि मालकीणबाईंनी त्याच्या जागी मास्तरांच्या सख्ख्या बहिणीला, धाकटीला, घेतले. मास्तरांनी हरकतीचे सात मुद्दे क्रमवार मांडले. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, ‘‘मला एक मुरलेला चालक हवा आणि एक वेगवान. दोघे एकाच घरातले आहेत, तर मी बाहेर कशाला शोधू? भांडणारी माणसं मला चालतात, मास्तर. दार आपटणारी नकोत. या गाडीचं दार मिळायला दोन महिने लागतात.’’

भांडण असते तर बरे झाले असते. भाऊबहीण चार वर्षे एकमेकांशी भांडतही नव्हती.

त्याचे असे झाले होते. धाकटी मास्तरांहून तेरा वर्षांनी लहान. तिला पहिला गिअर टाकायला मास्तरांनीच शिकवले. शर्यतीचे वेडही त्यांच्याच मागे मागे फिरून तिला लागले. शर्यतीच्या परवान्याची परीक्षा द्यायची वेळ आली तेव्हा मास्तर संघटनेचे परीक्षक होते. भावाने बहिणीची परीक्षा घेऊ नये, असे संघटनेचे म्हणणे पडले. पण धाकटीनेच हट्ट धरला की परीक्षक दादाच हवा. तो मला एका गुणाचीही सूट देणार नाही, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. मास्तरांना त्या वेळी फार अभिमान वाटला होता.

परीक्षेच्या महिनाभर आधी मास्तरांच्या एका मित्राची गाडी एका लांब उजव्या वळणावर ओल्या ट्रॅकवरून घसरून भिंतीला धडकली. सर्वांत आधी तिथे पोचलेले मास्तरच होते. मित्र वाचला, त्याचा गुडघा मात्र पुन्हा वाकला नाही. परीक्षेच्या दिवशी ट्रॅक तसाच ओला होता. त्याच लांब उजव्या वळणावर धाकटीने ब्रेक लावला तो मास्तरांनी लावला असता त्यापेक्षा गाडीभर पुढे जाऊन. गाडी रेषेवरून बोटभरही ढळली नाही. ती एकदा तशी आली, दुसऱ्यांदा तशी आली, दहाही फेऱ्यांना तशीच आली. पण पिटच्या कठड्याशी उभ्या असलेल्या मास्तरांचा उजवा पाय दहाही वेळा सिमेंटमध्ये रुतू पाहत होता. आणि फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी लिहिले: ‘ब्रेक उशिरा लावते. तयार नाही.’

नापास झाले की वर्षभर थांबावे लागे. तिला घ्यायला तयार असलेल्या संघाने तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी घेतले. पुढल्या वर्षी तिने दुसरीकडे परीक्षा दिली, दुसऱ्या परीक्षकाने तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि नापास झाल्या दिवसापासूनच ती सख्ख्या भावाला ‘अहो मास्तर’ म्हणू लागली होती. अंगावर दगड आला तर माणूस तो चुकवू तरी शकतो. अहो-जाहो चुकवता येत नाही. आईला भेटायला ती येई ती मास्तरांच्या शिकवणीची वेळ पाहून.

हे असे दोघे आता एका गाडीत बसणार होते. म्हणजे नेमके सांगायचे तर एका गाडीत आळीपाळीने बसणार होते.

या अजिंक्यपदाचा एक नियम होता. मध्यावरचा थांबा पुरत्या पंचाहत्तर सेकंदांचा असलाच पाहिजे. घाईघाईत इंधन सांडू नये, चाक ढिले राहू नये, म्हणून तो केलेला. पंचाहत्तरच्या आत निघाले तर शिक्षा. नंतर निघाले तर आपलाच तोटा. काकांची माणसे चाके बदलून, इंधन भरून बासष्टाव्या सेकंदाला हात वर करत. तेवढ्याच वेळात उतरणारा चालक बसणाऱ्याचे बेल्ट आवळे, रेडिओची वायर जोडी, पाण्याची नळी हेल्मेटात अडकवी. मग उरत तेरा सेकंद. त्या तेरा सेकंदांत कुणालाच काही काम नसे. बसणारा आत जखडलेला, उतरणारा उघड्या दारातून आत वाकलेला, दोन हेल्मेटांमध्ये वीतभर अंतर, आणि दोघांच्याही कानांत बोळे, त्यामुळे बोलण्याची सोय नाही.

बोलण्याची सोय नाही म्हणून काकांनी चिकटपट्टीची पद्धत पाडली होती. शर्यतीआधी ते चालकाच्या डाव्या बाहीवर वीतभर लांबीची पांढरी चिकटपट्टी लावून देत आणि दोऱ्याने बांधलेले मार्कर गळ्यात अडकवत. उतरल्यावर, उरलेल्या तेरा सेकंदांत, गाडीविषयी जे सांगायचे ते त्या पट्टीवर लिहायचे आणि स्टिअरिंगच्या मागे, वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या खाली चिकटवायचे. बसणाऱ्याने ते वाचायचे आणि निघायचे. शर्यत संपली की काका ती पट्टी सोडवून आपल्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने लावून ठेवत. काय बिघडले होते ते पुढच्या वेळी आठवावे, एवढाच हेतू.

पहिल्या शर्यतीत मास्तरांनी सुरुवात केली. बेल्ट आवळताना त्यांनी एकदा आवळलेला डावा पट्टा पुन्हा आवळून पाहिला. धाकटीने हेल्मेटाच्या काचेतून समोर पाहत राहणे पसंत केले. मास्तरांनी लिहिले: ‘मागची डावी बाजू सरकते.’ तिने मान हलवली आणि ती गेली. चौथा क्रमांक.

दुसऱ्या शर्यतीत सुरुवात तिची. तिची पट्टी होती: ‘तिसरा गिअर अडतो. जोर नको.’ मास्तरांना तो ‘जोर नको’ उगाचच लागला. बावीस वर्षे लोकांना हेच सांगणाऱ्या माणसाला हे सांगावे? त्यांनी तिसऱ्या गिअरला मुद्दाम फुलासारखे हाताळले. तिसरा क्रमांक.

तिसऱ्या शर्यतीत गाडी इतकी नीट चालली की सांगण्यासारखे काही नव्हते. तेरा सेकंद मास्तर हातात मार्कर धरून वाकून उभे राहिले. धाकटीने वाट पाहून त्यांच्याकडे मान वळवली. तेव्हा त्यांनी घाईघाईने लिहिले: ‘गाडी ठीक.’ ती गेल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. जगातल्या इतक्या गोष्टींतून माणसाला हीच सापडावी. ती शर्यत त्यांनी जिंकली.

चौथ्या वेळी धाकटीने लिहून दिले: ‘पाचव्या वळणाला ऊन डोळ्यांवर.’ मास्तरांनी ते वाचायला मान मागे नेली, आणखी मागे नेली. पण शर्यतीच्या आसनात मान फारशी मागे जात नाही. गेले वर्षभर जवळची अक्षरे त्यांना धुरकट दिसत होती. चष्म्याचा विषय निघाला की ते उजेडाला दोष देत. धाकटीने हे पाहिले. तिने आत हात घातला आणि त्यांच्या हेल्मेटाच्या काचेवरची काळी पट्टी स्वतःच्या हाताने खाली ओढून दिली, आई लहानपणी टोपी पुढे ओढून देई तशी. पुन्हा चौथा क्रमांक आला. पण मास्तरांना त्या दिवशी क्रमांक विचारावा लागला.

पाचव्या शर्यतीला पाऊस होता. मास्तर पहिला तास जपून चालवून सहाव्या क्रमांकावर उतरले आणि त्यांनी लिहिले: ‘लांब उजवे वळण निसरडे.’ ट्रॅक तोच होता, परीक्षेचा. धाकटी निघून गेली आणि मास्तर चार वर्षांपूर्वी उभे होते तिथेच जाऊन उभे राहिले. ती आली. त्याच जागी, गाडीभर पुढे जाऊन, तिने ब्रेक लावला. गाडी पाण्यावर रेघ ओढावी तशी सरळ गेली. मास्तरांचा पाय दाबला गेला. पुढच्या फेरीलाही दाबला गेला. आपल्या पायाकडे ते बराच वेळ एखाद्या परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहत राहिले. एक तास ती तशीच चालवत राहिली, आणि तिने पाच गाड्या मागे टाकून शर्यत जिंकली. बक्षिसाच्या चौथऱ्यावर दोघांत हातभर अंतर राखून दोघे उभे राहिले. छायाचित्रकाराने जवळ सरकायला सांगितले तेव्हा मास्तर म्हणाले की चौथरा ओला आहे.

त्या संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. तीस वर्षे तिने शहराची बस चालवली होती आणि एवढ्या वर्षांत तिच्या बसला साधा ओरखडा आला नव्हता. त्यामुळे शर्यतींविषयी तिचे मत फारसे चांगले नव्हते. जिथून निघाले तिथेच परत यायचे, तर मग घाई कसली, असे ती विचारी. मास्तरांनी तिला त्या दिवशीच्या वळणाची सगळी हकिगत सांगितली. ब्रेक कुठे, वेग किती, पाणी किती. आई मटार सोलत राहिली.

मग ती म्हणाली, ‘‘म्हणजे तेव्हाही तिला येत होतं.’’

मास्तरांनी नियम, परीक्षकाची जबाबदारी आणि ओल्या ट्रॅकचे स्वरूप यांवर बोलायला सुरुवात केली. आईने त्यांना पहिल्या मुद्द्यावरच थांबवले.

‘‘हे बघ, तू नापास केलंस म्हणून ती रुसलेली नाही. माझी पोरगी नापास व्हायला भीत नाही. तू खोटं कारण लिहिलंस, आणि ते खोटं आहे हे तिला माहीत होतं. तुझा पाय मला माहीत आहे, तिला माहीत नसेल?’’

‘‘आता चार वर्षांनी काय सांगू? आणि समोरासमोर बसलो की वाद होतो.’’

‘‘वाद तू एकटाच घालतोस. तोंडाने जमत नसेल तर लिहून दे. पट्ट्या लिहितोस ना? ती सांगत होती मला.’’

धाकटी घरी येऊन पट्ट्यांविषयी बोलते, हे मास्तरांना नवीन होते. काय बोलते, असे त्यांनी विचारले नाही. मटाराची एक शेंग उचलून ती उगाच सोलत बसले.

सहाव्या शर्यतीला सुरुवात तिची होती. मास्तर बसले, तिने बेल्ट आवळले, वायर जोडली आणि पट्टी लावली. पट्टीवर दोनच शब्द होते: ‘ब्रेक मऊ.’ पण अक्षरे बोटभर उंचीची होती, पट्टी भरून, दुकानाच्या पाटीवर असावीत तशी. मास्तरांना ती मान मागे न नेता वाचता आली. शर्यत संपल्यावर ते काकांच्या पेटीपाशी गेले आणि झाकण उघडून पाहू लागले. दुसऱ्या शर्यतीतल्या तिच्या पट्टीवरची अक्षरे मुंगीएवढी, चौथ्या शर्यतीतलीही तेवढीच. सहाव्या शर्यतीतली मात्र ही अशी. याबद्दल ती एका अक्षराने बोलली नव्हती. तिने फक्त अक्षर मोठे केले होते. मास्तर झाकण धरून इतका वेळ उभे राहिले की काकांनी येऊन विचारले, पाना हरवलाय का काही?

त्या शर्यतीत ते दुसरे आले. गुणांच्या हिशेबात पिवळी गाडी आणि एक निळी गाडी अगदी बरोबरीत आल्या. आता उरली होती शेवटची शर्यत. दोन्हींत जी पुढे तिचे अजिंक्यपद. साऱ्या गल्लीत चर्चा त्याचीच होती. मास्तरही चर्चेत भाग घेत, पण त्यांच्या मनात दुसरेच काही चालले होते. पुढच्या वर्षी मालकीणबाई दोघांना पुन्हा एकत्र घेतील याची खात्री नव्हती. हे सात रविवार संपले की त्या बहिणीजवळ वीतभर अंतरावर वाकून उभे राहायचे कारणच उरणार नव्हते.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी त्यांनी एक पट्टी लिहिली. कागदावर चार मसुदे केले, त्यातला प्रत्येक शब्द तोलून पाहिला, तीनदा खोडला, आणि मग जे उरले ते पट्टीवर उतरवले: ‘त्या दिवशी तू तयार होतीस. मी घाबरलो होतो.’ शर्यत संपल्यावर, हेल्मेट काढल्यावर, ती तिच्या हातात द्यायची असे त्यांनी ठरवले. शर्यतीच्या आधी किंवा मध्ये देण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीत बसणाऱ्याला गाडीबाहेरचे काही सांगू नये, हा त्यांच्या शिकवणीतला पहिला धडा होता. शिकाऊ माणसाच्या मागे बसून घरातली भांडणे काढणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी भररस्त्यात उतरवलेले होते. पण पट्टी ठेवायची कुठे? शर्यतीच्या पोशाखाला खिसा नसतो. कपाटात ठेवली तर संध्याकाळपर्यंत आपला धीर सुटेल आणि ती तिथेच राहील, हेही ते ओळखून होते. म्हणून त्यांनी ती डाव्या बाहीवर कोपराजवळ चिकटवली. काकांनी नेहमीची कोरी पट्टी मनगटाजवळ लावून दिली. या बाहीवर आज दोन कशा, असे काकांनी विचारले. मास्तर म्हणाले, ‘‘एक जास्तीची.’’

मास्तरांनी त्या दिवशी गाडी झकास चालवली. तासाभराने त्यांनी गाडी पिटमध्ये आणली तेव्हा निळी गाडी त्यांच्या मागे होती. मात्र शेवटच्या तीन फेऱ्यांत पुढचे डावे टायर कडेने फाटू लागल्याचे त्यांना स्टिअरिंगमधून जाणवले होते. नियमाने थांब्यात दोनच चाके बदलता येत, आणि त्या दिवशी मागची तयार ठेवली होती. पुढची तशीच राहणार होती. म्हणजे हे तिला सांगणे अत्यंत जरुरीचे होते. ते उतरले, ती बसली. बेल्ट, वायर, नळी. बासष्टाव्या सेकंदाला हात वर झाले. मास्तरांनी बाहीवर लिहिले, ‘पुढचे डावे टायर फाटतेय. जपून,’ घामाने डबडबलेल्या डोळ्यांनी बाहीकडे पाहिले, दोन धुरकट पांढऱ्या रेघांपैकी एक ओढून काढली आणि काट्यांच्या खाली चिकटवली.

धाकटीने वाचले.

काकांनी गाडीसमोर बोटे धरली. तीन, दोन, एक. मग हात वर केला. पंचाहत्तर झाले होते. गाडी सुरू झाली नाही. धाकटीचा अंगठा सुरू करण्याच्या बटणावर होता आणि तिथेच राहिला होता. काकांनी हात हवेत जोराने हलवला. मास्तर अजून दारातून वाकलेले होते. तिने मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिले. काचेमागे फक्त तिचे डोळे दिसत होते. सहा महिन्यांत तिने त्यांच्याकडे असे पाहिले नव्हते. चार वर्षांत पाहिले नव्हते. मास्तरांना वाटले, टायरचे ऐकून घाबरली की काय. धीर द्यावा म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हात एकदा घट्ट धरला, सोडला, दार ओढून घेतले, आणि गाडी गर्जत निघून गेली.

‘‘चार सेकंद,’’ काका म्हणाले. ते कधी चिडत नसत, आताही चिडले नव्हते. फक्त त्यांचा चेहरा उतरला होता. ‘‘चार सेकंद जास्त. काय लिहिलंत तिला एवढं?’’

‘‘टायरचं,’’ मास्तर म्हणाले, आणि सवयीने त्यांनी बाहीकडे पाहिले. हात लांब धरला. आणखी लांब धरला. मनगटाजवळ, त्यांच्याच अक्षरात, टायर जसेच्या तसे होते.

त्यानंतर मास्तरांनी जे केले ते सबंध हंगामात केले नव्हते. रेडिओवर तिच्याशी काका बोलत, डोक्यावर चढवायच्या यंत्रातून. मास्तर कधी त्या यंत्राजवळही फिरकले नव्हते. त्यांनी काकांच्या डोक्यावरून ते काढून स्वतःच्या डोक्यावर चढवले आणि बटण दाबले.

‘‘ऐक. पुढचं डावं टायर कडेने फाटतंय. उजव्या वळणांना आत शिरताना घाई नको. लांब वळणाला तर मुळीच नको.’’

काही वेळ नुसती खरखर आली. मग तिचा आवाज आला. ‘‘मग हे का नाही लिहिलंस?’’

‘‘लिहिलं होतं. ते हातावरच राहिलं. ते दुसरं तुला नंतर द्यायचं होतं.’’

पुन्हा खरखर. गाडी समोरून गेली, ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला दिसेनाशी झाली.

‘‘दादा, चष्मा कर,’’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘‘आता बोलू नकोस. मला चालवू दे.’’

मास्तरांनी यंत्र काकांना परत दिले आणि ते कठड्याजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. थांब्यातल्या त्या चार सेकंदांत निळी गाडी पुढे निघून गेली होती. धाकटी तिच्या मागे लागली. उजव्या वळणांना ती खरोखर जपून शिरत होती, आणि तिथे गेलेला वेळ डाव्या वळणांना भरून काढत होती. दर फेरीला अंतर थोडे थोडे तुटत होते. मास्तरांचा पाय दाबला जात होताच. त्याला त्यांनी काही वेळ दाबू दिले, मग दुसऱ्या पायाच्या घोट्यामागे अडकवून ठेवले. शेवटच्या फेरीत दोन्ही गाड्या एकाच नजरेत येऊ लागल्या. निळी गाडी झेंड्याखालून गेली, आणि तिच्यामागून पिवळी. अंतर अडीच सेकंदांचे होते. चारातून अडीच वजा करायला त्या गल्लीत कुणालाही कागद लागला नाही.

धाकटी उतरली, तिने हेल्मेट काढले. तेवढ्यात काकांनी थांब्याचा फॉर्म काढला. तो प्रत्येक थांब्यानंतर भरायचा असे: किती वेळ, जास्त असल्यास कारण, आणि कुणाकडून. काकांना नियम पाळल्याशिवाय दुःखही करता येत नसे.

‘‘चूक माझी,’’ मास्तर म्हणाले. ‘‘चुकीची पट्टी लावली. माझं नाव घाला.’’

‘‘बटण माझ्या अंगठ्याखाली होतं,’’ धाकटी म्हणाली. ‘‘मी दाबलं नाही. माझं घाला.’’

‘‘कारणाचं मूळ बघायचं असतं. पट्टी बरोबर असती तर तू दाबलं असतंस.’’

‘‘पट्टीवर ‘थांब’ असं लिहिलं नव्हतं. थांबले मी.’’

‘‘तुला थांबायला मीच शिकवलंय, तेव्हा जबाबदारीही...’’

‘‘दादा, चार वर्षं तू लावलीस. चार सेकंद मला लावू दे ना.’’

मालकीणबाई कठड्याला टेकून हे सगळे ऐकत होत्या. त्यांचे अजिंक्यपद नुकतेच हातचे गेले होते, आणि त्या हसत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या खुर्चीतसुद्धा माणसं इतकी वर्षं तोंड मिटून बसत नाहीत. पुढच्या वर्षी दोघं याल ना? नाही, आत्ताच ठरवते मी, म्हणजे कुणी सात मुद्दे काढायला नको.’’

काकांनी दोघांकडे पाहिले, फॉर्मकडे पाहिले, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘मास्तरांना चष्मा नाही.’ मग पट्टी सोडवायला ते गाडीपाशी गेले, तर काट्यांखाली पट्टी नव्हती. धाकटीने आपले हेल्मेट छातीशी धरले होते. पट्टी त्याच्या आतल्या अस्तरावर चिकटवलेली दिसत होती.

‘‘ही पेटीवर नाही लागणार, काका,’’ ती म्हणाली.

मास्तरांच्या बाहीवर राहिलेली टायरची पट्टी काकांनी हळूच सोडवली आणि झाकणाच्या आत, तिच्या त्या बोटभर अक्षरांच्या शेजारी लावून टाकली.

आईला सांगायला दोघे एकत्रच निघाले. धाकटी म्हणाली की गाडी ती चालवणार; ज्याला जवळचे दिसत नाही त्याच्या हाती ती जीव देणार नव्हती. मास्तरांनी सांगितले की दूरचे त्यांना उत्तम दिसते आणि रस्ता हा दूरच असतो. तरी ते शेजारच्या आसनावर जाऊन बसले. तिने त्यांच्याकडे न पाहता हात लांब करून त्यांचा बेल्ट ओढला, लावला, आणि लागला की नाही ते पुन्हा एकदा ओढून पाहिले. संध्याकाळच्या उन्हात रस्ता भरलेला होता. पहिल्याच चौकात पुढे एक सायकल आडवी आली आणि मास्तरांचा उजवा पाय खाली दाबला गेला.

‘‘पाय,’’ धाकटी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली.

मास्तरांनी पाय उचलला. पुढच्या चौकापर्यंत तो उचललेला राहिला.